जेलच्या आत बाहेरचं कोण डोकावतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कच्च्या, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा, कैद्यांवर छोटा लेख होता, त्यात मी सहज एक ओळ टाकली होती की तुरुंगावर बाहेरच्या माणसांनी लक्ष ठेवायची सोय आपल्या कायद्यातच आहे, फक्त ती वापरली जात नाही. त्या एका ओळीवर एवढी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. कुणाचंच नाव छापलेलं नाही, गरज वाटली तिथे गावंही बदललीत.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ मोबाईल चोरीच्या केसमध्ये आत आहे, सात महिने होत आले. पहिलीच केस. दोन महिन्यांपूर्वी जामीन झाला पण कोर्टाने पंचवीस हजाराचा लोकल जामीनदार मागितलाय. आमचं गाव परभणीकडे, इथे कल्याणला आम्ही भाड्याने राहतो, आमच्यासाठी कोण उभं राहणार? आणि मागच्या वेळी जेलमध्ये मुलाखतीला, म्हणजे भेटायला, गेलो तर त्याच्या गालावर सूज दिसली, विचारलं तर पडलो म्हणाला. तक्रार केली तर आत त्याला जास्त त्रास होईल म्हणून आई नको म्हणते. काय करू?

उत्तर : आईची भीती अगदी खरी आहे, तिला वेड्यात काढू नका. जेलमध्ये पडणारी माणसं फार असतात, जवळजवळ प्रत्येक जण पडूनच सुजलेला असतो, त्यामुळे तो पडलो म्हणाला यावर मी काही बोलत नाही. पण काय करायचं ते सांगते.

आधी जामिनाचं बघू, कारण तो सुटला तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला याच विषयावर सूचना दिल्यात. जामिनाचा आदेश झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याची कॉपी ईमेलने जेलला गेली पाहिजे. सात दिवसात माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी ऑफिस) सचिवाला कळवायचं, मग तिथून कुणीतरी येऊन त्या बंदीला, म्हणजे कैद्याला, भेटून काय अडलंय ते बघायचं. महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. आणि लोकल जामीनदार पाहिजे या अटीमुळे लोक अडकतात, ती कोर्टाने लादू नये असंही त्यात म्हटलंय. तुमचे दोन महिने झाले, म्हणजे यातलं सगळं आतापर्यंत व्हायला हवं होतं.

हे काही आज सुचलेलं नाही. १९७८ ला मोतीराम नावाच्या गवंड्याची मध्य प्रदेशातली केस सुप्रीम कोर्टात गेली होती, दहा हजाराचा जामीन, आणि भावाने जामीन राहतो म्हटलं तर भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून मॅजिस्ट्रेटने नाही म्हटलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच यावर कडक शब्दात लिहिलं. तुमचं परभणी-कल्याण तेच आहे, मधे पंचेचाळीसहून जास्त वर्षं गेलीत एवढंच.

तर ठाण्याच्या कोर्टात जा, तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात. साध्या कागदावर मराठीत अर्ज द्या : केस नंबर, जामिनाची तारीख, अजून सुटका नाही, परवडत नाही, अट कमी करावी किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडावं. वकील नसेल तर मागा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बऱ्याच जिल्ह्यात आता लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पगारी असतात, प्रत्येक तारखेला तुमच्याकडे पैसे मागणार नाहीत. हेल्पलाईन १५१००. आणि गरीब बंदींचा जामीन भरायला केंद्र सरकारची २०२३ ची एक योजनाही आहे, त्याबद्दल मुद्दाम विचारा, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही असा माझा अनुभव आहे. कोर्टाबाहेर जे पाच-सहा हजारात जामीनदार आणून देतो म्हणतात त्यांच्या नादी लागू नका. खोटं रेशनकार्ड, खोटी सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) निघाली की भावावर नवीन गुन्हा आणि मग खरंच काही करता येत नाही.

आणखी एक, तारीख लिहून ठेवा. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे त्याचं एक वर्ष भरलं की हा हक्क येतो, आणि अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकावर आहे. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर मात्र हे लागू होत नाही, तेवढं वकिलाकडून तपासून घ्या.

आता सुजलेला गाल. वकिलाला सांगा की कोर्टात अर्ज देऊन मेडिकल मागा आणि मुलाखतीच्या आसपासच्या दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचा आदेश मागा, कारण फुटेज थोड्या दिवसांनी पुसलं जातं. अर्ज तुमच्या नावाने द्या, त्याच्या नावाने नको, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं एवढंच लिहा, मारलं असं लिहू नका. मग त्याला आत विचारलं तरी तो सांगू शकतो की मी काही बोललो नाही. तारखेला त्याला प्रत्यक्ष कोर्टात आणायला लावा. हल्ली व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवरून, तारखा होतात, न्यायाधीशाला स्क्रीनवर एक चेहरा दिसतो आणि शेजारी जेलचाच माणूस उभा, अशावेळी कोण काय बोलणार? बंदी मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो तो जेलवर देखरेखीचा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जुना मार्ग आहे आणि आपण तो सोयीसाठी हळूहळू बंद करत आणलाय, हे माझं स्पष्ट मत.

प्रश्न : मी साताऱ्याचा, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. तुम्ही लिहिलेलं ते अभ्यागत मंडळ म्हणजे नक्की काय? माझ्यासारख्या माणसाला त्यात जाता येतं का, की हे फक्त पुढाऱ्यांचं काम?

उत्तर : सर, या प्रश्नाची मी वाटच बघत होते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

१८९४ च्या तुरुंग कायद्यातच सरकारला अभ्यागत, म्हणजे जेल बघायला बाहेरून येणारी माणसं, नेमण्याचे नियम करायचा अधिकार दिलाय. इंग्रज होते ते, कैद्यांचा कळवळा होता म्हणून नव्हे, पण त्यांनाही कळत होतं की जेलर स्वतःबद्दल जो रिपोर्ट लिहितो तेवढ्यावर विसंबता येत नाही. आता प्रत्येक जेलसाठी अभ्यागत मंडळ असायला हवं. २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलप्रमाणे (तुरुंगांची नमुना नियमावली) जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, मग कलेक्टर, एसपी, आरोग्य खात्याचे, बांधकाम खात्याचे, शिक्षण, समाजकल्याणचे अधिकारी, हे झाले शासकीय. आणि अशासकीय म्हणजे आमदार, मानवी हक्क आयोगाने सुचवलेली व्यक्ती, समाजकार्य करणारे लोक. मंडळाने दर तीन महिन्यांनी तरी बसायचं आणि सभासदांनी मधूनमधून एकेकट्याने जाऊन यायचं. नेमणूक राज्य सरकार करतं. तुम्ही कलेक्टर ऑफिस आणि जेल अधीक्षक दोघांना पत्र लिहून विचारा की अशासकीय सदस्यांच्या जागा भरलेल्या आहेत का आणि नसतील तर माझा विचार व्हावा. शिक्षक माणूस चांगला अभ्यागत होतो, त्याला गप्प बसलेल्या पोराचा चेहरा वाचता येतो.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात शासकीय सदस्यांना हजार कामं, जेल शेवटच्या नंबरवर, आणि अशासकीय जागा वर्षानुवर्षं रिकाम्या नाहीतर कुणाच्या तरी शिफारशीने भरलेल्या. २०१५ च्या जुलैमध्ये कोठडीतल्या छळाबद्दलच्या डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं की अशासकीय अभ्यागत नेमायचं राज्यांनी बघा आणि सगळ्या तुरुंगात सीसीटीव्ही लावा.

मी काही काळ एका जिल्हा कारागृहावर अशासकीय सदस्य होते, कोणतं ते सांगत नाही. पहिली भेट आधी कळवून ठरलेली होती. फिनेलचा वास, नवीन चादरी, अधीक्षकांच्या केबिनमध्ये चहा आणि काजूकतली, बंदी रांगेत उभे, सगळ्यांनी एका सुरात सांगितलं जेवण चांगलं आहे. तासाभरात बाहेर. अशा भेटीतून जे दिसतं त्याची किंमत शून्य. म्हणून तुम्ही झालात सदस्य तर न सांगता जा, आणि अवेळी जा, गेटवर थांबवलं तर थांबा, किती वेळ थांबवलं ते वहीत लिहा. मी सुचवेन की आधी संडास बघा. एका बराकीत माणसं किती, चालू संडास किती, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, एवढ्या तीन आकड्यात जेल कळतं. मग दवाखान्याचं रजिस्टर, डॉक्टर खरंच कधी आले होते, सिव्हिलला न्यायचं ठरलेले किती बंदी एस्कॉर्ट, म्हणजे सोबत न्यायला पोलीस, मिळाला नाही म्हणून गेलेच नाहीत. हे एस्कॉर्टचं प्रकरण फार मोठं आहे, पोलीस बंदोबस्तात असतात आणि इकडे माणसाची अँजिओग्राफी राहते, कोर्टाची तारीख राहते. मग नवीन आलेले, शिक्षा म्हणून वेगळे ठेवलेले, आणि बायकांचा विभाग, तिथे सहा वर्षांखालची मुलं आईबरोबर असू शकतात, त्यांना दूध मिळतं का, ती बाहेर खेळतात का. आणि बंदीशी बोलताना शिपाई दिसेल इतका लांब हवा, ऐकू येईल इतका जवळ नको. हे नम्रपणे पण ठामपणे सांगायचं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे शेरे वहीत लिहिणं. अभ्यागताची वही असते, तुमचा शेरा अधीक्षकांच्या उत्तरासकट वरिष्ठांकडे जायला हवा. तोंडी सूचना म्हणजे हवा. "सर्व समाधानकारक" असे शेरे मी त्या वहीत पानंच्या पानं वाचलेत, मोठ्या मोठ्या सह्यांचे, आणि त्याच महिन्यांत आत काय चालू होतं ते बंदी मला सांगत होते.

याने फरक पडतो का? जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहातली मंजुळा शेट्ये मरण पावली, आठवत असेल. जन्मठेपेची बंदी होती, वागणूक चांगली म्हणून तिला वॉर्डनचं काम दिलेलं. दोन अंडी आणि पाच पाव कमी आहेत यावरून वाद झाला आणि तिला मारहाण झाली असा आरोप, सहा महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. हे बाहेर कसं आलं? सोबतच्या बंदी बायका बोलल्या म्हणून. त्या छतावर चढल्या, ओरडल्या, आणि त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा लागला. भायखळा हे मुंबईच्या मध्यावर आहे हो, कोर्ट, मंत्रालय, पेपरवाले सगळे टॅक्सीच्या अंतरावर. तिथे अंडी-पाव कमी पडतात हे आठवड्याला कुणी बाहेरचं माणूस येऊन बघून लिहून जात असतं तर गोष्ट त्या टोकाला गेली असती का, मला माहीत नाही, पण प्रश्न पडतो. तोच प्रश्न तळोजा जेलमधल्या सिपरचा, म्हणजे नळीच्या पेल्याचा. २०२० मध्ये तिथे बंदी असलेले, आदिवासींमध्ये काम केलेले ऐंशीच्या पुढचे फादर स्टॅन स्वामी, पार्किन्सन्सने हात थरथरतात, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर पाहिजे म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडल्या. केस काय होती, तुम्हाला ती पटते की नाही, ते बाजूला ठेवा. पेल्याचा निर्णय जेलच्या गेटच्या आत पाच मिनिटात व्हायला हवा होता.

प्रश्न : मॅडम, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला? ज्यांच्या घरी खून झाला, बलात्कार झाला, त्यांच्यावर कॉलम कधी लिहिणार? जेल म्हणजे हॉटेल नाही. – नागपूर

उत्तर : रागावले नाही, हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय, तुम्ही सभ्य भाषेत विचारलात म्हणून तुमचा घेतला.

एक आकडा देते. २०२२ च्या डिसेंबरअखेर देशातल्या सगळ्या तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६. आत माणसं होती ५,७३,२२०. आणि त्यातले ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे कच्चे कैदी ४,३४,३०२. पहिला आणि तिसरा आकडा परत वाचा. उद्या सगळ्या शिक्षा झालेल्यांना सोडून दिलं तरी देशातले तुरुंग जवळजवळ फुल्लच राहतील, नुसत्या खटल्याची वाट बघणाऱ्यांनी. मुंबईच्या आर्थर रोड जेलला हजाराच्या आतली जागा आणि तीन हजारांवर माणसं हे तर वर्षानुवर्षांचं आहे, तिथे झोपायला पाठ टेकवायची पाळी लागते. हॉटेल म्हणालात म्हणून सांगितलं.

आणि ज्यांच्या घरी खून झाला त्यांना काय हवं असतं? खटला लवकर चालावा. साक्षीदार म्हातारे व्हायच्या आत निकाल लागावा. आरोपी एस्कॉर्ट नाही म्हणून कोर्टात आणला नाही तर त्या दिवशी फिर्यादीची आईही दोनशे रुपये एसटीला घालून रिकामी परत जाते. म्हणजे आतल्याचं आणि बाहेरच्याचं दुखणं बऱ्याचदा एकाच ठिकाणी असतं. १९७९ ला हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या जेलमधले असे लोक सापडले की त्यांच्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होती त्याहून जास्त वर्षं ते खटल्याशिवाय आत होते. त्यातल्या कुणाच्या फिर्यादीला न्याय मिळाला म्हणाल?

बाकी सगळे कैदी निष्पाप असतात असलं काही मी म्हणत नाही, मला आत भेटलेल्यांपैकी काहींनी जे केलं ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. पण बहुतेक सगळे एक दिवस बाहेर येणार आहेत, तुमच्या माझ्याच गल्लीत. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींना हे १९३९ मध्ये समजलं होतं, त्यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंत नसलेली कैद्यांची वसाहत काढली, शिक्षा झालेले लोक तिथे शेती करत, बायकामुलांसकट राहत. ती अजून आहे. सांगली जिल्ह्याला याचा जेवढा अभिमान वाटायला पाहिजे तेवढा वाटत नाही, असो.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, इथे शेजारच्या काकू जेल मॉनिटर म्हणून व्हॉलंटियर करतात, त्यांच्याकडे म्हणे जेलच्या चाव्या असतात. हे ऐकून थक्क झालो. आपल्याकडे असं होऊ शकतं का?

उत्तर : चाव्यांचं खरं आहे. तिथे प्रत्येक जेलला इंडिपेंडंट मॉनिटरिंग बोर्ड असतं, आसपासचे साधे नागरिक, पगार नाही, प्रवासखर्च मिळतो, आणि ते कधीही, कुठल्याही कोपऱ्यात, कुठल्याही बंदीला भेटू शकतात. दरवर्षी रिपोर्ट लिहितात आणि तो सगळ्यांना वाचायला मिळतो. त्याशिवाय वेगळा मुख्य तुरुंग निरीक्षक, त्याची टीम बहुतेक वेळा न सांगता धडकते. २०१७ पासून तिथे असंही आहे की एखाद्या जेलची अवस्था फारच वाईट दिसली तर निरीक्षक थेट मंत्र्यांना तातडीची नोटीस देतो आणि मंत्र्याला २८ दिवसात जाहीर उत्तर द्यावं लागतं. मला यातलं जाहीर हा भाग सगळ्यात आवडतो. आपल्याकडे अभ्यागताचा शेरा फाईलमध्ये जातो आणि फाईल कुठे जाते ते देव जाणे.

पण एकदम भारावून जाऊ नका. एवढं सगळं असून त्यांचे तुरुंग इतके भरले की सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारला बऱ्याच कैद्यांना शिक्षेचा ४० टक्के काळ झाल्यावरच सोडावं लागलं. निरीक्षक जागा निर्माण करू शकत नाही, तो फक्त लपवू देत नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ ला सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. त्याच कराराचा पुढचा भाग असा आहे की प्रत्येक देशाने कोठड्यांना भेटी देणारी एक स्वतंत्र यंत्रणा ठेवायची, त्यातही आपण नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला जेलमध्ये जायचा अधिकार आहे, २००६ च्या दुरुस्तीनंतर राज्याला आधी कळवायचीही गरज राहिली नाही, पण एवढा मोठा देश आणि एक आयोग. जिल्ह्याजिल्ह्यातले अभ्यागत जागे झाल्याशिवाय हे होणार नाही. काकूंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचा तिथला वार्षिक रिपोर्ट मिळाला तर वाचा, मराठीत थोडक्यात लिहून पाठवलात तर इथे छापायला आवडेल.

प्रश्न : माझे मिस्टर कारागृह शिपाई आहेत. तुम्ही लोक फक्त कैद्यांचं लिहिता. यांची ड्युटी कधी संपेल याचा भरवसा नाही, एका बराकीवर एकटा माणूस, आत टीबी पसरला की घरी लेकरांना भीती. आमचं कोण बघणार?

उत्तर : वहिनी, बरोबर आहे तुमचं. आणि हे मी गुळमुळीत म्हणत नाही. ज्या अभ्यागताने स्टाफ क्वार्टर्स पाहिले नाहीत, ड्युटी रजिस्टर पाहिलं नाही, त्याने जेल अर्धंच पाहिलं. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच सांगितलं होतं की तुरुंग खात्याकडे प्रशिक्षित, वेगळ्या केडरचा स्टाफ पाहिजे, आजतागायत हे खातं गृह खात्याच्या सावत्र लेकरासारखं वागवलं जातं. शेकडो माणसांवर चार शिपाई असले की मग बराक कोण चालवतं? आतले दादा लोकच चालवतात, वसुली तेच करतात, आणि नाव खराब होतं तुमच्या मिस्टरांचं.

एक सांगते, पटलं तर बघा. बाहेरचा माणूस येऊन नियमित लिहून जात असेल तर त्याचा फायदा सरळ शिपायालाच जास्त होतो. इथे माणसं कमी आहेत हे तुमचे मिस्टर बोलले तर तक्रारखोर ठरतात, तेच जिल्हा न्यायाधीशांच्या मंडळाने लिहिलं तर गृह खात्याला उत्तर द्यावं लागतं. त्यांना म्हणावं पुढच्या वेळी अभ्यागत आले तर रजा किती मिळाल्या ते सांगा. टीबीच्या तपासणीत बंदींबरोबर स्टाफचीही तपासणी व्हावी अशी मागणी संघटनेमार्फत लेखी द्या.

प्रश्न : मी पारधी समाजाचा आहे, बीड जिल्हा, लॉ करतोय. आमच्यातला कुणी आत गेला की त्याला झाडू आणि संडासचंच काम. कोर्टाने हे बंद केलं म्हणतात, खरं का?

उत्तर : खरं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार हा निकाल, तू कायद्याचा विद्यार्थी आहेस तर पूर्ण वाच, उगीच सारांशावर जाऊ नकोस. पत्रकार असलेल्या या सुकन्याबाईंनी वेगवेगळ्या राज्यांचे जेल मॅन्युअल तपासून बातमी केली होती की कामाची वाटणी जातीवर होते, त्यावरून हे प्रकरण सुरू झालं. कोर्टाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, भटक्या-विमुक्तांना सरसकट सवयीचे गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला पण जेलच्या पुस्तकात तो शिल्लक होता म्हणायचा.

तुझ्या कामाचा भाग पुढे आहे. त्या निकालात असं आहे की जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ या दोघांनी मिळून नियमित तपासणी करायची, की जातीवरून भेदभाव अजून होतो का. म्हणजे तुझ्या जिल्ह्यात अशी तपासणी झाली असेल तर तिचा कागद असणार, आणि झाली नसेल तर तेही कागदावर यायला हवं. प्राधिकरणात पॅरा लीगल व्हॉलंटियर (कायदेशीर मदतीचा स्वयंसेवक) म्हणून नाव दे, लॉच्या मुलांना घेतात, आणि जेलमधल्या विधी सहाय्य केंद्रात काम माग. आत आपल्या बोलीत बोलणारा माणूस आला की लोक दुसऱ्याच मिनिटाला बोलायला लागतात, हे मी पाहिलंय.

प्रश्न : माहिती अधिकारात जेलची माहिती मिळते का? (हे तिघांनी विचारलंय, कोल्हापूर, पणजी आणि ठाणे)

उत्तर : मिळते. दहा रुपयांचा अर्ज, जेलच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. सुरक्षेची माहिती, कुणा एका बंदीची खाजगी माहिती मागू नका, तिथे लगेच नकार येतो. हे मागा : या कारागृहाचं अभ्यागत मंडळ कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला स्थापन झालं, अशासकीय सदस्य किती मंजूर आणि किती नेमलेले, गेल्या तीन वर्षात बैठका कोणत्या तारखांना झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती, शेरे वहीतल्या नोंदींच्या प्रती आणि त्यावर केलेली कार्यवाही, मंजूर डॉक्टर किती आणि हजर किती, जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची फक्त संख्या. कच्च्या कैद्यांच्या केसेस बघणारी जिल्हा न्यायाधीशांची समिती वेगळी असते, तिच्या बैठकांच्या तारखा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळ्या अर्जाने मागा. पणजीच्या वाचकांनी कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहाकडे अर्ज करावा. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला फी नाही केंद्राच्या नियमात, राज्यांच्या नियमात वेगळं असू शकतं ते अर्ज देतानाच विचारून घ्या. आलेल्या उत्तरांचे फोटो आमच्याकडे पाठवा, बंदींची नावं आधी झाकून.

पॅरोल आणि फर्लोचे, म्हणजे बंदीला मिळणाऱ्या तात्पुरत्या सुट्टीचे, प्रश्न यावेळी घेतले नाहीत, ते बरेच आहेत आणि नियमांची कटकट जास्त आहे, पुढच्या अंकात फक्त तेच.